पाचाच्या खाली काही नाही

परवा भर दुपारी लाइट गेले. हातात काही काम नव्हतं, म्हणून रंगाचा जुना ब्रश घेऊन कीबोर्ड झाडत बसलो. अक्षरांच्या फटींमधून शेवेचे तुकडे, एक जिरं आणि बरीचशी अनोळखी धूळ निघाली. उजवीकडच्या आकड्यांपाशी आलो आणि थबकलो. साताच्या खाली होम, आठाखाली वर जाणारा बाण, नवाखाली पेजअप. चार आणि सहाला डावा-उजवा बाण. एकाला एंड, दोनाला खालचा बाण, तिनाला पेजडाउन. शून्यालासुद्धा इन्सर्ट मिळालंय. पाचाला काहीच नाही. बरोबर मधोमध, अंगावर एक बारीक उंचवटा घेऊन हा आपला बसलाय.

एके काळी त्याला काम होतं. बोरलंड कंपनीच्या टर्बो पास्कल आणि टर्बो सी या प्रोग्रॅम लिहायच्या साधनांच्या फ्लॉप्यांमध्ये टीहेल्प नावाची, अडल्यावर मदत दाखवणारी, एक इवलीशी फाइल असायची. ज्यांनी सी ही भाषा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकली त्यांना ती आठवायची नाही, कारण निळ्या पडद्याच्या पोटातच मदत होती: शब्दावर कर्सर ठेवा, कंट्रोल-एफवन मारा, पान हजर. (आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कृपेनं तो निळा पडदा बाकीच्या जगानं सोडल्यावरही कित्येक वर्षं जिवंत राहिला, ते सोडा.) टीहेल्प होती ती हट्टी माणसांसाठी. ज्यांना बोरलंडचा कंपायलर (लिहिलेलं यंत्राच्या भाषेत करून देणारा) हवा, पण लिहायला एडिटर मात्र आपलाच हवा, अशांसाठी. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या त्या सिस्टिमच्या, काळ्या पडद्यावर तिचं नाव टाइप करून एंटर मारायचा. ती मेमरीत जाऊन बसायची आणि प्रॉम्प्ट परत यायचा, जणू काही झालंच नाही. मग आपला एडिटर उघडायचा, लिहायला लागायचं, आणि अडलं की आकड्यांमधला पाच दाबायचा.

माझा हट्ट क्यूएडिटचा होता. सेमवेअरचा, पन्नास केबीच्या आतबाहेर, एंटरवरचं बोट उचलायच्या आत उघडणारा. कळा सगळ्या वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅमच्या धर्तीच्या, म्हणजे बोटांना नवं काही शिकवायला नको. निळ्या पडद्याला काय धाड भरलीय, असं मित्र विचारायचे. धाड काही भरली नव्हती. मला लिहायची जागा वेगळी आणि चुका दाखवणारी जागा वेगळी लागते, एवढंच. मागे उभं राहून कुणी बघत असलं तर मला स्वतःचं नावसुद्धा सरळ लिहिता येत नाही.

तर क्यूएडिटमध्ये लिहिता लिहिता एफरीड या फाइल वाचायच्या फंक्शनपाशी यायचं. आता यात आधी एकेका तुकड्याचा आकार द्यायचा की आधी तुकड्यांची संख्या? दर वेळी अडायचंच. मेमरीत एकच किंमत भरणाऱ्या मेमसेटचं तर विचारूच नका. मेमसेटमध्ये आधी किंमत, मग लांबी. बोरलंडचंच दुसरं एक सेटमेम होतं, त्यात आधी लांबी, मग किंमत. एकाच घरात दोन चाली. शब्दाखाली कर्सर, पाच दाबला, की माझ्याच ओळींवर एक चौकट उघडायची. फंक्शन कसं लिहायचं त्याची एक ओळ, खाली चार वाक्यं, त्याच्याखाली ‘हेही पाहा’. वाचलं, एस्केप मारलं, चौकट गेली. खाली माझा मजकूर होता तिथं, कर्सर होता तिथं, आणि मुख्य म्हणजे डोक्यातला विचारही होता तिथंच.

यात जादू काही नव्हती. तेव्हाच्या पडद्यावर ऐंशी रकाने आणि पंचवीस ओळी, म्हणजे २००० अक्षरं. प्रत्येकाला एक बाइट अक्षराचा, एक रंगाचा. सगळा पडदा मिळून ४००० बाइट, आणि रंगीत कार्ड असेल तर ते मेमरीत बी८०० या पत्त्यावर उघडेच मांडलेले. चौकट उघडताना तिच्याखाली झाकली जाणारी अक्षरं बाजूला उचलून ठेवायची आणि जाताना जशीच्या तशी परत मांडायची. एडिटरला पत्ताही नाही की आपल्या अंगावर कोणी येऊन गेलं.

मला यावरून नेहमी आजीच आठवते. वाईच्या घरी मी माजघरात दप्तर पसरून बसलेलो असायचो आणि ती आत स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत. मी नुसतं ओरडायचं, “सतरा आठे?” आतून परातीच्या आवाजातूनच यायचं, “छत्तीसासे!” (म्हणजे एकशे छत्तीस.) बस. कुठलं गणित चाललंय, इतक्या वेळात एवढंच झालं का, काल सांगितलं होतं ते विसरलास का, यातलं काही नाही. मागितलं तेवढं मिळायचं आणि मी पुन्हा गणितात. आईला विचारलं तर ती पदराला हात पुसत बाहेर यायची, वही बघायची, अक्षरावर बोलायची, मग शेजारच्या मुलाच्या अक्षरावर बोलायची, आणि पुढचा अर्धा तास गणित राहायचं बाजूला. हल्ली ब्राउझरमध्ये काही शोधायला गेलो की मला आई भेटते. प्रेमळ आहे, सगळं जाणते, पण सोडत नाही.

आजीचा एकच नियम होता. संध्याकाळी दुकानातून आल्यावर आजोबा ओसरीवर रोजकीर्द घेऊन बसायचे. त्यांची बेरीज चालू असली की मी कितीही ओरडलो तरी आतून उत्तर यायचं नाही. मोठ्यानं म्हटलेला एक आकडा त्यांच्या बेरजेत घुसला असता, तर सगळी वही पहिल्यापासून. आजोबांनी रकान्याखाली दोन रेघा ओढल्या, पेनाचं टोपण लावलं, की मग आतून सावकाश यायचं, “छत्तीसासे.” तोपर्यंत मी काय विचारलं होतं ते मीच विसरलेलो असायचो.

डॉस म्हणजे हुबेहूब आमचे आजोबा. एका वेळी एकच काम. ते चालू असताना दुसऱ्यानं मध्येच काही मागितलं, तर आधीचं जे कागदावर मांडलंय त्याच्यावरच दुसरं मांडायचं, आणि मशीन जाग्यावर थिजायचं. म्हणून या मेमरीत ठाण मांडून बसणाऱ्या प्रोग्रॅमना, टीएसआर म्हणायचे त्यांना, कळ दाबल्याबरोबर उठून चालायचं नाही. आधी बघायचं, डॉसचं काही चाललंय का. त्यासाठी डॉसच्या पोटात एक बाइट होता: शून्य असेल तर मोकळा, नाही तर थांब. गंमत म्हणजे हा बाइट कुठं सापडतो ते मायक्रोसॉफ्टनं बराच काळ बाहेरच्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांची स्वतःची प्रिंट ही आज्ञा मात्र त्याच आतल्या वाटांनी मागच्या मागे छपाई करत बसायची. लोकांनी तीच उसवून बघितली आणि शहाणे झाले.

शहाणे झाले म्हणजे सगळेच झाले असं नाही. अशा प्रोग्रॅमांना लोकप्रिय केलं ते बोरलंडच्याच साइडकिकनं, १९८४ साली. वही, कॅल्क्युलेटर, कॅलेंडर, फोनची यादी, अक्षरांच्या आकड्यांचा आस्की तक्ता, सगळं एका कळीवर. पण साइडकिकला मानपान फार. सगळ्यांत शेवटी आम्हालाच मेमरीत घ्यायचं, नाही तर आम्ही रुसणार. आणि त्याला बोलवायची कळ कोणती, तर कंट्रोल आणि ऑल्ट एकदम. म्हणजे मशीन पुन्हा सुरू करून सकाळपासूनचं काम उडवणाऱ्या डिलीटपासून फक्त एक बोट दूर! ही कळ ज्यानं ठरवली त्याला एकदा भेटायला हवं होतं.

शिवाय जागेची मारामार. सगळं मिळून ६४० केबी. त्यात डॉस, माउसचा ड्रायव्हर, टीहेल्प, आणि उरलेल्यात आपण. कंपायलर ‘मेमरी पुरत नाही’ म्हणाला की पहिली कुऱ्हाड मदतीवर. टीहेल्पला स्लॅश-यू देऊन बाहेर काढायचं. तेही तिच्यानंतर कोणी येऊन बसलं नसेल तरच सुखानं, कारण मागून आलेल्यानं आधी उठायचं असा दंडक. अडलेल्याला मदत ठेवायला जागा नाही, हे तेव्हा कुणाला विचित्र वाटायचं नाही.

या जमातीतला खरा राजा मात्र नॉर्टन गाइड्स. शिफ्ट-एफवन मारलं की अर्ध्या पडद्यावर किंवा पूर्ण पडद्यावर उघडायचा. क्लिपर या डेटाबेसच्या भाषेत लिहिणाऱ्यांनी तर त्याच्यावरच दिवस काढले. त्याची थोर गोष्ट अशी की गाइड लिहायची हत्यारंही त्याच्या पेटीतच मिळायची. साध्या फाइलमध्ये उद्गारचिन्ह घालून ‘शॉर्ट’ लिहायचं, पुढं एका ओळीचा मथळा, खाली मजकूर, आणि कंपाइल करायचं. पुण्यात मी ज्या लहानशा ऑफिसात होतो तिथल्या एका सहकाऱ्यानं या सोयीचं सोनं केलं. त्यानं स्वारगेटहून सुटणाऱ्या एसटी गाड्यांचा गाइड बनवला. सातारा, कोल्हापूर, महाबळेश्वर. मागोमाग डबेवाल्या काकूंचा वार-वार मेनू आणि सगळ्यांचे सहा आकडी फोन. मराठी सगळी रोमन लिपीत, कारण देवनागरी दिसायला सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड लागायचं आणि ते आमच्या मालकांच्या स्वप्नातही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी पगारपत्रकाच्या प्रोग्रॅमवर मान मोडून बसलेला माणूस हळूच शिफ्ट-एफवन दाबायचा आणि कोड तसाच खाली ठेवून साडेसहाची सातारा बघून घ्यायचा. साहेब मागे आले की एस्केप. परत खाली पगारपत्रक, कर्सर होता तिथं. इतकं सज्जन पलायन मी नंतर कुठल्या यंत्रात पाहिलं नाही.

ती फाइल या डिस्कवरून त्या डिस्कवर करत माझ्यापाशी अजून आहे. लाइट आल्यावर डॉसबॉक्स (आजच्या मशीनवर जुना डॉस चालवणारा प्रोग्रॅम) उघडून लावून बघितली. उघडली. मुलगी मागे येऊन उभी राहिली.

“हे काय?”

“आमच्या ऑफिसातलं. बसच्या वेळा, फोन नंबर.”

तिनं वाकून वाचलं. “बुधवार: मटकी उसळ. हे लागतात का नंबर अजून?”

“छे. पुण्याचे नंबर आता आठ आकडी झाले.”

“मग बसगाड्या?”

“बसही नसणार या वेळेला.”

“मग यात शोधता काय येतं?”

“मटकी उसळ कधी असायची ते,” मी म्हटलं. ती अजून थोडं काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली होती, पण माझ्याकडे तेवढंच होतं.