आखाजीची वही, कूलर आणि रात्रीचे दहा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री आमच्या सभागृहात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या सांस्कृतिक सभागृहाचं काम बघतो. कागदावर लिपिक, पण बुकिंगपासून बाथरूमच्या नळापर्यंत सगळं माझ्याकडेच येतं.

लोकांना वाटतं सभागृहवाल्याचं काम म्हणजे चावी लावायची आणि पावती फाडायची. तसं नसतं. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन शिफ्ट असतात, दोन शिफ्टच्या मधल्या तासाभरात सहाशे खुर्च्यांखालचा कचरा निघाला पाहिजे, नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र बघायचं, पोलीस स्टेशनचं पत्र बघायचं, जनरेटरमध्ये डिझेल किती ते बघायचं. आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी अनामतीची. स्टेजच्या लाकडी फ्लोअरला खिळा ठोकला की अनामत कापायची, पेपर ब्लास्ट उडवला की कापायची, नारळ फोडायला विंगेबाहेर दगड ठेवलाय तो सोडून स्टेजवरच फोडला तरी कापायची. नियम सगळ्यांना सारखा असं फॉर्मवर छापलंय, पण अनामत कापली की अर्ध्या तासात फोन येतो आणि ती परत द्यावी लागते, आणि ज्याच्यासाठी कोणी फोन करत नाही त्याचीच कापलेली राहते. हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे आणि मला त्याची चीड येते.

तर मार्चमध्ये चार-पाच मंडळी आली, यावल-चोपड्याकडच्या खेड्यांतली, धोतर-टोपीवाले दोन म्हातारे आणि बाकी तरुण पोरं. त्यांना वहीगायनाचा कार्यक्रम करायचा होता, तीन-चार गावच्या मंडळांचा एकत्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वही हे आमच्या खानदेशातलं जुनं गाणं आहे, म्होरक्या ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात, देवादिकांच्या कथा असतात, आणि ती रात्रीच रंगते. त्यातल्या मोठ्या बुवांनी मला सरळ सांगितलं, "रातभर गासूत भाऊसाहेब, दिन उगना का निंघी जासूत."

मी विचारलं की गावच्या चौकात का नाही करत, सभागृहाचं भाडं कशाला भरता. तर मंडळातला एक मुलगा म्हणाला की आधी तिथलीच परवानगी मागितली होती, उघड्यावर दहानंतर मिळणार नाही असं सांगितलं. म्हणून ते आमच्याकडे आले होते. जे गाणं पिढ्यानपिढ्या अंगणात झालं त्याला कायद्यामुळे छताखाली यावं लागलं, आणि ही मंडळी काही तक्रार न करता पैसे गोळा करून आली होती.

आता इथे नियम नीट सांगतो कारण याच्याबद्दल पोलिसांपासून पत्रकारांपर्यंत बहुतेकांचा घोळ असतो. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, त्यातला 5वा नियम. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकवण्यासाठी असेल तर चालतं, आणि उदाहरण म्हणून ऑडिटोरियम, कम्युनिटी हॉल अशी नावंच दिलीत. म्हणजे बंद सभागृहाला दहाची अट तशी लागू नाही. फक्त आवाज आवाराच्या हद्दीवर मर्यादेत राहिला पाहिजे. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, हद्दीवर त्याच्या वर 10 पर्यंत, म्हणजे आमच्यासाठी 55. शिवाय राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सणावारासाठी रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. त्या दिवसांची यादी दरवर्षी निघते, गणपती, नवरात्र वगैरे असतात, पण आखाजी मी आजपर्यंत त्या यादीत बघितली नाही. खानदेशात सासुरवाशिणी ज्या सणाला माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, तो आमचा सगळ्यात मोठा सण, पण यादी करणाऱ्यांना तो दिसत नाही. बरं हे मागायला कोणी गेलंय असंही ऐकलं नाही, आपले पुढारी बाकी सगळं मागतात.

तर मी हा नियम प्रिंट काढून अर्जाला लावला, मुख्याधिकाऱ्यांची सही घेतली, रात्र शिफ्टच्या पुढचं भाडं वेगळं लावलं, पोलीस स्टेशनला पत्र दिलं. कागद एकदम पक्का.

पण कागदाच्या बाहेर एक गोष्ट होती ती म्हणजे आमचा एसी. सभागृह बांधलं तेव्हा सेंट्रल एसी बसवला होता. दुरुस्तीचा ठेका ज्याला दिला त्याने दोन उन्हाळे नुसती व्हिजिट मारून बिलं काढली आणि एके दिवशी कॉम्प्रेसर बसले ते बसलेच. नवीन एस्टिमेट बांधकाम विभागाच्या टेबलावर पडून आहे. तोपर्यंत काय, तर डक्टचे मोठे कूलर लावले. आणि कूलरचं तत्त्व असं आहे की ओली हवा आत ढकलायची असेल तर आतली हवा बाहेर जायला तेवढीच वाट पाहिजे, दारं-खिडक्या उघड्या पाहिजेत. वाट बंद केली की पंधरा मिनिटांत आत नुसता दमटपणा, त्यापेक्षा कूलर बंद केलेला बरा. म्हणजे कूलरला दार उघडं पाहिजे आणि कायद्याला दार बंद पाहिजे. ज्याच्याकडे एसी चालू आहे त्याचंच सभागृह रात्री दहानंतर बंदिस्त राहू शकतं, आमच्यासारख्याचं वैशाखात राहू शकत नाही. हे मी आधीच नोटिंगमध्ये लिहून दिलं होतं, त्यावर "पाहिले" असा शेरा आला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पारा 44च्या वर होता. संध्याकाळपर्यंत भिंती तापलेल्या. मंडळी टेम्पोत बसून आली, साधारण साडेतीनशे माणूस असेल, त्यात म्हाताऱ्या बायका बऱ्याच. इतकं शिस्तीचं पब्लिक मी क्वचित बघतो. चपला बाहेर ओळीने, तंबाखूची पिचकारी एकसुद्धा नाही, पोरांनी स्वतः पिशवी फिरवून रिकामे ग्लास गोळा केले. डान्स क्लासच्या गॅदरिंगनंतर ब्लेडने फाडलेल्या सीट शिवून घेतो मी, त्यामुळे हा फरक मला लगेच दिसतो.

साऊंड मी स्वतः लावून घेतला. साऊंडवाल्याने सवयीने दोन सब-वूफर आणले होते, ते टेम्पोतून उतरवूच दिले नाहीत, कारण उघड्या दारातून सगळ्यात लांब जातो तो बेस. मुख्य स्पीकर स्टेजच्या कडेला खाली ठेवून आतल्या बाजूला वळवले, ढोलकी आणि डफाचे माइक काढून टाकले, फक्त गळ्याला माइक ठेवला. मग कंपाऊंडच्या भिंतीपाशी जाऊन मोबाईलवरच्या ॲपने आवाज बघितला. असं ॲप पुरावा म्हणून चालत नाही, पण कुठल्या दाराने आवाज फुटतोय ते कळतं. पूर्वेच्या दाराने फुटत होता, तिथे जुना मखमली पडदा दुहेरी करून बांधला. दहाच्या आधी हे सगळं चाललं, लोक रंगले, बुवांचा आवाज काय लागला होता सांगू, सत्तरीच्या पुढचा माणूस आणि वरच्या पट्टीत एकदाही फाटला नाही.

दहाला पाच मिनिटं असताना मागच्या सोसायटीतले एक निवृत्त गुरुजी आले. हातात बॅटरी, अंगात बनियन. मी ओळखतो त्यांना, याआधीही आलेत. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "साहेब, हिचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला नाही. एसी नाही आमच्याकडे, खिडकी लावली तर जीव जातो, उघडली तर तुमचं सभागृह घरात येतं. गेल्या रविवारी त्या डान्सवाल्यांचं अकरा वाजेपर्यंत चाललं, तेव्हा तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात वरून परवानगी आहे. आज काय म्हणणार?"

यावर मला काही बोलता आलं नाही. रविवारी खरंच वरून फोन होता. आणि त्यांच्याही घरात तोच प्रश्न होता, उकाड्यामुळे खिडकी उघडी.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. पीएसआय साहेब तरुण होते, आल्या आल्या म्हणाले दहा वाजले, बंद करा नाहीतर साऊंड जप्त करतो. मी नियमाची प्रिंट दाखवली. त्यांनी वाचली, हे विशेष, कारण बरेच जण कागद हातातच घेत नाहीत. वाचून म्हणाले, "बंदिस्त जागा लिहिलंय इथे. तुमची सगळी दारं उघडी आहेत, आवाज मला रोडवर ऐकू येतोय. ही बंदिस्त कशी?" आणि ते बरोबर होते. कागद माझा, पण मुद्दा त्यांचा.

मी स्टेजवर जाऊन बुवांना बाजूला घेतलं, सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील, पैसे भरलेत म्हणतील. ते म्हणाले, "दार बंद करी टाका भाऊसाहेब. माइकबी ऱ्हाऊ द्या. आम्हना आजोबाना टाइमले माइक कोठे व्हता?"

मग माइक बंद, कूलर बंद, सगळी दारं लोटून घेतली. लोटून म्हणतोय, कडी लावली नाही. दिल्लीच्या उपहार थिएटरात 1997 साली 59 माणसं गेली, तिथे बाहेर पडायची वाट जास्तीच्या खुर्च्यांनी अडवली होती, हे आम्हाला फायर ट्रेनिंगला सांगितलं होतं आणि ते मी कधी विसरत नाही. म्हणून प्रत्येक दाराशी एक माणूस उभा केला, आमचा वॉचमन आणि मंडळाची पोरं, आणि मधल्या वाटेत बसलेल्या सगळ्यांना उठवून खुर्च्यांवर बसवलं. हे बघून पीएसआय साहेब स्वतः कंपाऊंडला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले ठीक आहे, पण तक्रार आली तर परत येईन. खरं तर 2010च्या दुरुस्तीनंतर नियमात नुसता लाऊडस्पीकर नाही, वाद्यंसुद्धा आलीत, त्यामुळे ढोलकी उघड्या दारात चाललीच नसती. दार बंद हा एकच मार्ग होता.

आणि ते गाणं. आमच्या हॉलच्या मागच्या भिंतीला आवाजासाठी जो बोर्ड लावलाय त्याने काय काम केलं ते त्या रात्री कळलं. विना माइक बुवांचा शब्द शेवटच्या रांगेत स्पष्ट येत होता, मी तिथे बसून ऐकला. एवढी वर्षं या सभागृहात आहे, माणसाचा नुसता गळा असा कधी ऐकायला मिळाला नव्हता, कारण इथे येणारा पहिली मागणी करतो ती आवाज वाढवायची.

पण उकाडा. अकराच्या पुढे लोकांचे सदरे ओले झाले, बायका पदराने वारा घेत होत्या. मी म्हाताऱ्या माणसांना लॉबीत आणून बसवलं, मंडळाने मठ्ठा आणला होता तो फिरवला. साडेबाराच्या सुमाराला एका आजींना गरगरायला लागलं. मीठ-साखरेचं पाणी दिलं, बाहेर ओट्यावर झोपवलं, दहा-पंधरा मिनिटांत बऱ्या झाल्या, पण माझे हातपाय गार पडले होते. मी आत जाऊन थांबवायला सांगितलं. बुवा म्हणाले, "वही आर्धी नही सोडतस, भाऊ." चालू असलेली तेवढी पूर्ण करू दिली. एकच्या आसपास सगळं आटोपलं. उरलेली मंडळं, जी पहाटे गाणार होती, ती न गाताच टेम्पोत बसली.

आता दुसऱ्या दिवसानंतरचं. गुरुजींनी लेखी तक्रार दिली, आणि त्यात त्या रात्रीचं नाही, गेल्या दोन वर्षांच्या गॅदरिंगचं लिहिलंय, तारखांसह. माझ्या मते ती तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण ऑफिसात त्यावर काय प्रस्ताव आला, तर अटींमध्ये नवीन अट टाकायची, रात्री साडेदहानंतर सभागृह कोणालाही मिळणार नाही. म्हणजे ज्यांचा कार्यक्रम फोनवर अकरापर्यंत चालतो त्यांना या अटीने काही फरक पडणार नाही, आणि जे अर्ज करून, भाडं भरून, अट वाचून येतात त्यांची वही बंद होणार. मी त्याच्या विरोधात नोट दिलीय. त्यात मागितलंय की आधी एसीचं एस्टिमेट हलवा, पूर्व-पश्चिमेच्या दारांना दुहेरी दाराची लॉबी करा म्हणजे माणूस आत-बाहेर झाला तरी आवाज फुटणार नाही, कंपाऊंडवर एक प्रमाणित डेसिबल मीटर कायमचा लावा आणि त्याचा आकडा गुरुजींनाही दिसेल असा ठेवा, आणि आखाजीचा एक दिवस सवलतीच्या यादीत यावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना ठराव पाठवा. मीटर लावला तर वरून येणारे फोन कमी होतील असं मला वाटतं, साहेब लोकांना वाटत नाही.

नोट अजून फिरतेय. मंडळाचा पोरगा परवा पुढच्या आखाजीची तारीख विचारायला आला होता, त्याला सांगितलं अर्ज आत्ताच देऊन ठेव, नवीन अट लागायच्या आधीची आवक तारीख पडेल. कोणाच्या गावच्या सभागृहात कूलर असूनही आवाज बाहेर जात नाही अशी काही सोय केली असेल, एक्झॉस्टच्या डक्टला आतून अस्तर लावून वगैरे, तर मला कळवा, मी येऊन बघून जाईन.