साडेआठचा खड्डा

दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. आमची मराठी वाहिनी आठवड्यामागून आठवडा घसरत होती, तेव्हा प्रत्येक बैठकीत एकच उपाय निघायचा: नवी मालिका आणा. नवा सेट, प्रोमो, होर्डिंग असा सगळा खर्च व्हायचा आणि थोड्याच दिवसांत तीही त्याच आकड्यावर येऊन बसायची.

मी मिनिटागणिक आलेख काढून बसले. देशभरात ५० हजारांहून जास्त घरांत टीव्हीवर काय पाहिलं जातं ते नोंदणारे बार्कचे मीटर आहेत. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते टिपतात, म्हणून प्रेक्षक कुठल्या मिनिटाला गेला ते कळतं. आमचा प्रेक्षक आठची मालिका चालू असताना उठतच नव्हता. ती संपून जाहिराती लागल्या की जायचा, तो साडेआठला परतायचा नाही. आलेखात तिथे खड्डा पडायचा.

कारण मात्र आलेखात सापडेना. ते इस्लामपूरजवळच्या (आता ईश्वरपूर) एका घरात सापडलं. काकू आत भाकऱ्या थापत होत्या, टीव्ही बाहेरच्या खोलीत. मालिका त्या ऐकत होत्या! साडेआठच्या मालिकेत नायिकेनं चिठ्ठी उघडली, मग तीन-चार चेहऱ्यांचे क्लोजअप, धाडधाड संगीत, संवाद एकही नाही. काकूंनी आतूनच सुनेला विचारलं, "काय झालं गं?" सून पोराला भरवत होती, तिनंही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं चॅनल बदललं. ऐकून जी कळत नाही, त्या मालिकेसाठी जाहिरातींनंतर परतायचं कशाला?

परतल्यावर मी दोनच गोष्टी मागितल्या. आठची मालिका संपताच मध्ये जाहिराती न घेता पुढची सुरू करायची, आणि महत्त्वाची प्रत्येक घटना संवादातून कळलीच पाहिजे. जाहिरात विभागाचा विरोध तीव्र होता, तो ब्रेक त्यांच्या कमाईचा. शेवटी तो मालिकेच्या आत, उत्कंठेच्या जागी सरकवला. संवादलेखकाला मात्र पटायला वेळ लागला नाही. त्यानं नायिकेला चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावली, आणि प्रसंग आधीपेक्षा कितीतरी अंगावर येणारा झाला. स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या बाईसाठी लिहिणं हे खालच्या दर्जाचं लेखन आहे, असं मानणाऱ्यांशी मी आजही भांडते.

आकडे लगेच हलले नाहीत. आधी साडेआठचा खड्डा उथळ झाला, मग भरला, आणि त्याचा फायदा नऊच्या मालिकेलाही मिळाला. साडेदहाचा स्लॉट अजून अडलाय. आयपीएल सुरू झाली की त्या वेळी रिमोट बाईच्या हातात नसतो. म्हणून तिथली मालिका संध्याकाळी साडेसहाला आणायची मागणी मी आता लावून धरली आहे.