पाट्यांवरचा पत्रा
कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गेली 22 वर्षे पाट्यांचे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, काम करतो. आता बहुतेक काम टेम्पो आणि ट्रॉलींचे असते, पण अधूनमधून एखादी जुनी मोटार येते आणि त्या दिवशी हात जरा जपून चालतात. मे महिन्याच्या अखेरीस कागल तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक त्यांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले, त्या दिवसाविषयी लिहायचे आहे. आमच्याकडे या गाडीला आजही सगळे फियाटच म्हणतात.

गुरुजींची मागणी अगदी स्पष्ट होती. गाडी मागून बसली होती, गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर सायलेन्सर घासत होता. दुसऱ्या दिवशी पत्नीला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला न्यायचे असल्यामुळे संध्याकाळपर्यंत गाडी दोन इंच उचलून हवी होती. त्यासाठी त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने दोन जादा पाटेही सोबत आणले होते. "मिस्त्री, एवढे दोन पाटे घाला, की झालं," असे ते म्हणाले. मी त्यांना बसायला सांगितले आणि आधी मोजमाप घेतले.

मोजमाप घेताना जमिनीपासून मडगार्डपर्यंतचे अंतर मी कधीच धरत नाही, कारण टायर झिजलेला किंवा हवा कमी असली तरी तो आकडा फसवतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजले, की फक्त पाट्यांचे खरे उत्तर मिळते. गाडी सपाट फरशीवर उभी केली, चारही चाकांतली हवा सारखी केली आणि मोजले. डावी बाजू उजवीपेक्षा 23 मिलिमीटर खाली होती. पाटे केवळ वयामुळे थकले असते, तर ते दोन्हीकडे थोडेफार सारखेच बसले असते. एवढा फरक म्हणजे एका बाजूला वेगळेच काहीतरी घडले होते.

गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती शॅकलची, म्हणजे पाट्याचे मागचे टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीची. मूळ शॅकल काढून कुणीतरी सुमारे 40 मिलिमीटर जास्त लांबीचे, घरी कापलेल्या पट्टीचे शॅकल बसवले होते. शॅकल पाट्याच्या एका टोकाला असतो आणि चाक मध्यावर असते, त्यामुळे 40 मिलिमीटर वाढवूनही गाडी जेमतेम 20 मिलिमीटर उचलली जाते. शिवाय पाटा मागच्या टोकाला खाली झुकल्यामुळे मागच्या आसाच्या हाउसिंगचे नाक वर उचलले जाते आणि इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉस जॉइंटचा, म्हणजे सांध्याचा, कोन बिघडतो. ताशी पन्नासच्या पुढे गाडी खालून थरथरते का, असे मी विचारले. दोन वर्षांपासून थरथरते आहे, असे गुरुजी म्हणाले.

पाटे आसाला आवळून धरणारे डाव्या बाजूचे यू-बोल्ट हाताने पाना फिरवताच सुटले, इतके ते सैल होते. पाट्यांचा संच खाली घेतला आणि मुख्य पाट्याखालचा दुसरा पाटा, सगळे पाटे मध्यावर एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून सरळ दोन तुकडे होऊन माझ्या हातात आला. पाट्यात सर्वांत नाजूक जागा म्हणजे हे भोक. यू-बोल्ट घट्ट असतात तोवर त्या जागेला वाक बसत नाही, ते सैल झाले की सगळा वाक नेमका तिथे येतो. तुकड्यांच्या तोंडावर अर्धा भाग जुन्या गंजाने काळपट तांबडा आणि उरलेला करडा, ताज्या तुटीचा होता. म्हणजे तडा जुना होता आणि पाटा पुरता तुटला होता अलीकडेच.

इथे थांबलो असतो तरी दुरुस्ती झाली, असे म्हणता आले असते. पण शॅकल जिथे गाडीला जोडलेला असतो तिथला पत्रा मला फुगलेला वाटला. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पाट्यांचा सगळा जोर अंगाच्या पत्र्यावरच येतो. वर जाऊन डिकीतली चटई उचलली, तर खाली पांढरट, ओलसर भुकटीचा थर होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवून किंचित दाबला आणि तो मुठीपर्यंत आरपार गेला. गुरुजी शेजारीच उभे होते. उसासाठी अनेक वर्षे पोटॅश आणि युरियाची पोती याच डिकीतून नेत होतो, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. पोत्यांच्या वजनाने पाटे बसले आणि सांडलेल्या खताने ओल धरून त्यांच्यावरचा पत्रा खाल्ला, असे दोन्ही नुकसान एकाच ओझ्याने झाले होते. त्यांनी आणलेले जादा पाटे मी घातले असते, तर गाडी त्या संध्याकाळी नक्कीच उंच दिसली असती, आणि त्या ताठ पाट्यांचा प्रत्येक धक्का सडलेल्या पत्र्याला बसून शॅकल कधीतरी डिकीत घुसला असता.

गाडी आज देणार नाही, असे मी त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला पाहवेना, म्हणून सकाळी मिरजेला जाण्यासाठी माझ्या भाच्याची गाडी ठरवून दिली.

काम नऊ दिवस चालले. बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर लांब नेऊन ठेवली आणि मगच वेल्डिंगला हात लावला. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, नवा पत्रा जोडला आणि शॅकलच्या जागी आतून जाड पट्टी दिली. पाटे दोन्ही बाजूंचे एकदमच केले. थकलेल्या पाट्यांना गॅसच्या ज्योतीने तापवून कमान देण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात टेंपर, म्हणजे पोलादाला दिलेली स्प्रिंगसारखी लवचीकता, जातो आणि काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो. नवे पाटे कमान देऊन भट्टीत तापवून, तेलात विझवून, पुन्हा टेंपर करून घेतले. शॅकल मूळ मापाचे बसवले. पाट्याच्या पुढच्या डोळ्याचे, म्हणजे टोकाच्या गोल वळीचे, रबरी बुश असलेले बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळले. चाके लोंबकळत असताना ते आवळले, तर रबर पिळलेले राहते, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटते.

चाके पुन्हा लोंबकळती ठेवून ब्रेकचा होज आणि शॉकअप ताणले जात नाहीत ना, हे पाहिले. मागची बाजू उचलल्यामुळे दिव्यांचा झोत खाली पडत होता, तो भिंतीवर पाडून नीट केला. डावी बाजू 41 आणि उजवी 20 मिलिमीटर वर आली. गुरुजींना हव्या असलेल्या दोन इंचांपेक्षा ही वाढ कमीच होती, पण ही गाडीची स्वतःची उंची होती.

तीन आठवड्यांनी यू-बोल्ट पुन्हा आवळायला मी त्यांना बोलावले होते. या वेळी बाईही सोबत होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा होता. पाटे दोन्हीकडे सारखे 6 मिलिमीटर बसले होते. मी डिकी उघडून चटई उचलली, तर पत्रा कोरडा होता.