बंपरमागचा डॅम्पर

गाडी १९७४ची बीएमडब्ल्यू २००२, अमेरिकेत विकायला बनवलेली. मालकांना तिचे अवजड बंपर काढून युरोपातल्या मॉडेलचे सडपातळ क्रोमचे बंपर बसवून हवे होते. मागणी रास्तच. एवढी नेटकी गाडी आणि तिच्यापुढे हा ओटा बांधलेला!

यात डिझाइनवाल्यांचा दोष नाही. अमेरिकेत १९७३च्या मॉडेलांपासून नियम आला, की ताशी ५ मैलांनी, म्हणजे ८ किलोमीटरने समोरून धडकली तरी दिवे वगैरे शाबूत राहायला हवेत. मागच्या बाजूला आधी अडीच मैलांचीच अट होती, पुढच्या वर्षी तीही पाचावर गेली. म्हणून बंपर बॉडीपासून लांब आले आणि त्यांच्यामागे दणका पचवणारे डॅम्पर बसले.

मागचा बंपर मुकाट्याने उतरला. पुढचा मात्र डावीकडे आत गेलेला. कधीकाळी ठोकर बसली असणार. डॅम्पर दबला तो दबलेलाच राहिला. बोल्ट गंजून एकजीव झालेले. आमचा पोरगा गॅस कटर घेऊन आलाच. त्याला हात धरून थांबवलं. या नळकांड्यात दाबाखाली गॅस असतो. आच लागली की बाँबच! गाडीला लागलेल्या आगीत असे डॅम्पर फुटून अग्निशमन दलाचे जवान जखमी झालेत. त्यातून हा अडकलेला. बोल्ट ढिला होताच बंपरसकट अंगावर यायचा.

आधी बंपर साखळीने बॉडीच्या भक्कम भागाला जखडला. समोरून सगळ्यांना हटवलं, गॉगल चढवला आणि बाजूला उभं राहून नळीला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. फस्सकन आवाज आला, मग काळपट तेलाची धार लागली. ती पार थांबेपर्यंत कोणाला पाना लावू दिला नाही. मग बोल्टची डोकी ग्राइंडरने उडवली.

पुढचं काम नेहमीचं: डॅम्परसाठी बॉडीला असलेली भोकं पत्रा वेल्ड करून बुजवणं, गंज, रंग. खरा वेळ खाल्ला तो नव्या बंपरची फट दोन्हीकडे सारखी आणण्यात. जुने बंपर मालकांना गुंडाळून ठेवायला सांगितले, आणि आता पार्किंगमध्ये कोणी टेकवली तर मार थेट पत्र्यावर, हेही.

गाडी बघून ते खूश. म्हणाले, "आता ते बाजूचे दिवेही काढून टाका ना."

म्हटलं, "साहेब, त्यांचीही भोकं बुजवायची म्हणजे दोन्ही बाजू पुन्हा रंगवाव्या लागतील."

"मग राहू द्या," म्हणाले.