तुम्ही विचारलंत म्हणून: तो हात हलवणारा माणूस कुठंय?

टोरंटोत कोजागिरीला दूध आटेपर्यंत गप्पा चालतात आणि त्यात कुणीतरी मला हा प्रश्न विचारतंच. मी 'टाफेलम्युझिक' या बरोक (म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत वाजवणाऱ्या) वाद्यवृंदाच्या मैफली चुकवत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. हौसेने एखाद्या वेळी माझ्याबरोबर येऊन गेलेले लोक नंतर विचारतात, "अहो, एवढे वाजवणारे, आणि समोर काठी घेऊन हात हलवणारा माणूस कुठंय?"

तो नाही. म्हणजे सुट्टीवर गेलेला नाही, मुळातच नाही. विवाल्डी, बाख, हँडल यांच्या काळात असा माणूस सहसा नसायचाच. काठीवाला कंडक्टर रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी पहिला व्हायोलिनवाला किंवा हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर) बसलेला माणूस स्वतः वाजवता वाजवता सगळ्यांना धरून ठेवायचा. टाफेलम्युझिकनेही तीच रीत धरली.

१९७९ साली केनेथ सॉलवे आणि सुझन ग्रेव्हज यांनी हा वृंद टोरंटोत सुरू केला. ते ओबो वाजवायचे, त्या बासून; दोन्ही फुंकून वाजवायची वाद्यं. (उभ्यानेही वाजवता येणाऱ्या वाद्याला बासून म्हणताना मला अजून हसू येतं.) नाव जर्मन आहे: मेजवानी चालू असताना वाजवायचं संगीत. पंगतीत श्लोक म्हणणाऱ्यांच्या नातवंडांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण वृंदाला आकार आला तो १९८१मध्ये जीन लमॉन आल्यावर. बाई न्यूयॉर्ककडच्या, बरोक व्हायोलिन शिकल्या हॉलंडमध्ये. २०१४पर्यंत, म्हणजे ३३ वर्षं, त्यांनी हा वृंद सांभाळला, तोही हातात व्हायोलिन घेऊनच. ब्लूर स्ट्रीटवरच्या ट्रिनिटी-सेंट पॉल्स चर्चमध्ये त्यांचा मुक्काम. मी तिथे तिसऱ्या रांगेत बसायचो. सुरू करण्याआधी त्या नाकाने एक श्वास ओढायच्या, तो मला ऐकू यायचा. त्या श्वासातच लय ठरलेली असायची. भुवई उचलली की चेलोवाल्याने समजून घ्यायचं, खांदा पडला की सगळ्यांनी आवाज उतरवायचा. तबलजीने गायकाकडे बघावं तसे ते सगळे एकमेकांकडे बघत असत. कंडक्टर आला की नजरा त्याच्याकडे वळतात, आणि मला वाटतं तिथेच थोडी गंमत जाते. बेथोव्हनच्या सिंफनींसाठी त्यांनी ब्रुनो वाइल यांना कंडक्टर म्हणून बोलावलं, ध्वनिमुद्रणंही उत्तम झाली. तरी मी आपला श्वासाच्या बाजूचा.

आता दुसरी तक्रार: "सारखी वाद्यंच सुरात लावत बसतात." बसणारच. त्यांच्या व्हायोलिनला तात असते, जनावराच्या आतड्याची. आजच्या वाद्यवृंदात 'ए' हा सूर असतो सेकंदाला ४४० कंपनांवर, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. हे लोक तो ४१५वर ठेवतात, साधारण काळी चारला. तात सैल, आवाज मऊ, थोडा खरखरीत, माणसाच्या गळ्यासारखा. इथल्या जानेवारीत बाहेर उणे पंधरा आणि आत हीटरची कोरडी हवा, की दोन रचनांमध्ये ती तात सूर सोडते. तंबोरा पुन्हा जुळवताना आपण कुरकुरतो का?

त्या तातेवरूनच आठवलं. वृंदात अ‍ॅलिसन मॅके नावाच्या डबल बास वाजवणाऱ्या बाई होत्या. अफलातून कार्यक्रम त्यांच्याच डोक्यातून निघायचे. विवाल्डीचे 'फोर सीझन्स' १७२५ साली छापले गेले. मग तेव्हा जगात इतरत्र काय वाजत असेल, असं म्हणून त्यांनी व्हायोलिनच्या शेजारी पीपा हे चिनी तंतुवाद्य, उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट बायकांचं कंठगान आणि आपली सारंगी आणून बसवली. सारंगीवर होत्या अरुणा नारायण. मुंबईत राहून सारंगीला एकल वाद्याचा मान मिळवून देणाऱ्या पंडित रामनारायण यांच्या कन्या. सारंगीच्या मुख्य तारा तातेच्याच. त्यावर गज फिरला आणि मग व्हायोलिनवर, तेव्हा दोन्ही आवाज एकाच गावचे वाटले. माझी बायको, जी एरवी पहिल्या मध्यंतरालाच घड्याळ बघते, ती हलली नाही.

मॅकेबाईंचाच दुसरा कार्यक्रम २००९चा, गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण वळवली त्याला ४०० वर्षं झाली म्हणून. त्यात समोर नोटेशनसुद्धा नव्हतं. सगळं पाठ, आणि वादक वाजवत हिंडताहेत. आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण कागदाशिवाय वाजवणं हे तिकडच्या वाद्यवृंदाला फार मोठं धाडस. एका लघुग्रहाला 'टाफेलम्युझिक' हे नावही मिळालंय.

लमॉनबाई २०२१मध्ये गेल्या. चर्चमधल्या त्या सभागृहाला आता त्यांचं नाव आहे. त्यांच्यामागून आलेल्यांबद्दल माझं मत अजून बनतंय, ते पुढच्या कोजागिरीला.

आणि हात हलवणारा माणूस बघायचाच असेल, तर डिसेंबरात 'मसाया' या हँडलच्या येशूवरच्या गायनरचनेच्या 'सिंग-अलाँग' प्रयोगाला या. तिथे श्रोत्यांनीच गायचं असतं, ज्याचा जसा आवाज तशी त्याची बसायची जागा. पहिल्या वर्षी मी चुकून आल्टो बायकांमध्ये जाऊन बसलो होतो. समोर टोप घालून, अठराव्या शतकाचा कोट चढवून जे गृहस्थ हात हलवतात ते गायकवृंदाचे संचालक आयव्हर्स टॉरिन्स. पण तसं म्हणायचं नाही. त्या दिवशी ते साक्षात हँडल असतात, आणि बेसूर गाणाऱ्यांना हँडलच्याच तोऱ्यात झापतात.