हस्तांतरित सर्व्हरवरील होस्टिंग पॅकेजांची फेररचना : माझा अनुभव

एका परिचिताने होस्टिंगचा, म्हणजे इतरांची संकेतस्थळे आणि टपाल आपल्या सर्व्हरवर ठेवण्याचा, व्यवसाय बंद करताना सीपॅनेल या होस्टिंग सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारा आपला सर्व्हर, त्यावरील पन्नासेक खात्यांसह, माझ्याकडे सोपवला. ग्राहक बहुतेक पुणे आणि सातारा भागातले होते : गृहनिर्माण संस्था, दवाखाने, एक शाळा, काही सराफ आणि शेती अवजारांचे विक्रेते. संकेतस्थळे चालू होती आणि तक्रारीही फारशा नव्हत्या. परंतु डब्ल्यूएचएममध्ये, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याच्या बाजूच्या पॅनेलमध्ये, खात्यांची यादी उघडल्यावर पॅकेजच्या स्तंभात ‘गोल्ड’, ‘गोल्डन्यू’, ‘गोल्ड२’, ‘टेस्ट’ अशी नावे दिसली. काही खात्यांपुढचे पॅकेज तर पॅकेजांच्या यादीत अस्तित्वातच नव्हते. पॅकेज काढून टाकले तरी त्यावरील खाती नाहीशी होत नाहीत, त्यांच्या मर्यादाही तशाच राहतात. त्यामुळे असा गुंता वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात न येता साचू शकतो.

पॅकेज म्हणजे मर्यादांचा आणि सोयींचा एक संच असतो. डिस्कची जागा, महिन्याची बँडविड्थ (म्हणजे किती माहितीची ये-जा होऊ शकते), मेलबॉक्स, डेटाबेस, सबडोमेन (मुख्य पत्त्याखालचे उपपत्ते) आणि अॅडऑन डोमेन (त्याच खात्यात जोडलेले दुसरे स्वतंत्र पत्ते) यांची कमाल संख्या, दर तासाला किती ई-मेल बाहेर जाऊ शकतात, शेल, म्हणजे सर्व्हरला थेट आज्ञा टाइप करण्याची सोय, वापरता येईल की नाही, हे सारे त्यात ठरते. जागेचा आणि बँडविड्थचा आकडा एमबीमध्ये भरायचा असतो, म्हणजे पाच जीबी द्यायचे असल्यास ५१२० लिहावे लागते. जुन्या संचांमध्ये जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘अनलिमिटेड’ निवडलेले होते. ग्राहकाला विकायला हा शब्द सोपा असला तरी सर्व्हरची डिस्क मर्यादितच असते, आणि एका खात्यातील बेफाम वाढलेल्या बॅकअप फायलींनी ती भरली की डेटाबेस लिहिणे थांबते, पत्रे उतरणे थांबते आणि ज्याचा काही दोष नाही अशा शेजारच्या दवाखान्याचे संकेतस्थळही बंद पडते. कोट्यांची, म्हणजे खात्यांना दिलेल्या जागेच्या मर्यादांची, बेरीज प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त ठेवण्यात मला गैर वाटत नाही, कारण सगळेच ग्राहक आपला कोटा एकाच वेळी भरत नाहीत. परंतु मर्यादाच नसणे ही वेगळी गोष्ट आहे.

नव्या मर्यादा अंदाजाने ठरवण्याऐवजी आधी प्रत्यक्ष वापर पाहावा असे मी ठरवले, आणि तिथेच पहिली अडचण आली. प्रत्येक खात्याचा वापर शून्य दिसत होता. सर्व्हरच्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फायली मांडणाऱ्या व्यवस्थेत, कोटा मोजण्याची सोय चालूच नव्हती, म्हणजे कागदोपत्री ज्या थोड्या खात्यांना मर्यादा होती तीही प्रत्यक्षात लागू होत नव्हती. डिस्कचे मूळ विभाजन एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या प्रकारचे असल्यामुळे केवळ एक आज्ञा देऊन भागले नाही. कोटा चालू ठेवण्याची सूचना कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) सुरू होतानाच मिळावी यासाठी ग्रब या सर्व्हर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मांडणीत बदल करून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागला. ग्राहकांना आधी कळवून हे काम मी रात्री उशिरा केले आणि नंतर सीपॅनेलची ‘फिक्सकोटाज’ ही स्क्रिप्ट चालवली, तेव्हा कुठे खरे आकडे दिसू लागले.

ते आकडे पाहणे उपयुक्त ठरले. बहुसंख्य खाती एक जीबीच्या आतच होती. मोठा वापर संकेतस्थळांचा नव्हे तर टपालाचा होता. विशेषतः सराफांच्या मेलबॉक्समध्ये दागिन्यांच्या छायाचित्रांची जुनी पत्रे वर्षांपासून साठलेली होती. एका विक्रेत्याच्या खात्यात फायली अगदी थोड्या होत्या, पण वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका प्लगइनने (जोड-प्रोग्रॅमने) नोंदी लिहून लिहून डेटाबेस फुगवला होता. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या फायली ग्राहकाच्या नव्हे तर डेटाबेस सेवेच्या मालकीच्या असल्याने फाइल सिस्टिमचा कोटा त्यांना अडवत नाही. डब्ल्यूएचएममधील संबंधित पर्याय चालू असेल तर त्यांचा आकार वापरात मिळवून दाखवला जातो, इतकेच. पॅकेजमध्ये डेटाबेसची संख्या मर्यादित केल्याने त्यांचा आकार मर्यादित होत नाही, म्हणून ती तपासणी अधूनमधून स्वतःच करावी लागते.

यानंतर मी चार पॅकेजे तयार केली. सर्वांत लहान पॅकेज दोन जीबीचे, पुढची अनुक्रमे पाच आणि दहा जीबीची, आणि चौथे केवळ शाळेसाठी. एका खात्यासाठी स्वतंत्र पॅकेज कशाला, असे वाटू शकते, कारण ‘मॉडिफाय ॲन अकाउंट’ या पानावरून एकाच खात्याची मर्यादा बदलता येते. परंतु पुढे कधी ‘एडिट अ पॅकेज’मधून त्या पॅकेजचा आकडा बदलला की तो बदल त्यावरील सर्व खात्यांना लागू होतो आणि हाताने दिलेली सवलत निमूटपणे पुसली जाते. जुन्या यादीतील गोंधळाचे मूळ बहुधा याच दोन पानांच्या मिश्र वापरात असावे. अपवादाला नाव आणि पॅकेज दिले की तो यादीत उघड दिसतो, हा माझा आग्रह आहे.

सर्वांत अधिक विचार तासाच्या ई-मेल मर्यादेवर करावा लागला. एखाद्या संकेतस्थळाचा संपर्क फॉर्म किंवा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर तेथून हजारो पत्रे सुटतात, सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जातो आणि तोच पत्ता वापरणाऱ्या इतर सर्वांचे टपाल परत येऊ लागते. म्हणून लहान पॅकेजांना मी तासाला शंभराची मर्यादा घातली. मात्र दोन गृहनिर्माण संस्था देखभाल शुल्काची बिले महिन्याच्या आरंभी सर्व सभासदांना एकदमच पाठवत असत. मर्यादेच्या थोडी वर गेलेली पत्रे रांगेत थांबतात आणि नंतर जातात, परंतु त्याहूनही पुढे गेलेली नाकारली जातात. बिल मिळाले नाही म्हणणाऱ्या सभासदाशी वाद घालण्याची पाळी सचिवांवर येऊ नये म्हणून त्या संस्थांना मधल्या पॅकेजमध्ये घेतले आणि तेथील मर्यादा वाढवली.

पॅकेजला जोडलेली फीचर लिस्ट हा भाग वेगळा आहे. किती द्यायचे हे पॅकेज ठरवते, तर ग्राहकाला पॅनेलमध्ये कोणती साधने मिळतील हे फीचर लिस्ट ठरवते. जुन्या एका यादीत ऑटोएसएसएलची, म्हणजे संकेतस्थळाला सुरक्षा प्रमाणपत्र आपोआप देणाऱ्या सोयीची, खूणच काढलेली आढळली, आणि एका डॉक्टरांच्या संकेतस्थळावर ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा का देतो याचे उत्तर तेथे मिळाले. नव्या यादीत ती खूण ठेवली आणि शेल सर्वांसाठी बंद केले.

बदल लागू करताना प्रथम एका रिकाम्या चाचणी खात्यावर प्रयोग केला, मग ‘अपग्रेड/डाउनग्रेड ॲन अकाउंट’मधून एकेक खाते हलवले. अनेक खाती एकदम हलवण्याचे पानही उपलब्ध आहे, पण नव्या कोट्यापेक्षा आजचा वापर जास्त असेल तर सर्व्हर काही पुसत नाही, फक्त पुढचे लिहिणे थांबवतो. म्हणून प्रत्येक खात्याचा वापर शेजारी ठेवूनच ते काम करणे मला योग्य वाटले. सराफांना आधी जुनी पत्रे उतरवून घ्यायला सांगितले आणि नंतरच त्यांची मर्यादा खाली आणली.

सीपॅनेलचा परवाना २०१९ पासून खात्यांच्या संख्येनुसार आकारला जातो, त्यामुळे या निमित्ताने बंद पडलेली खातीही काढली. एकाच खात्यात अॅडऑन डोमेन म्हणून अनेक ग्राहक कोंबण्याची युक्ती काहीजण सुचवतात. पैसे वाचतात हे खरे, पण त्या सर्व संकेतस्थळांचा वापरकर्ता एकच असल्याने एकाला लागण झाली की सर्वांना होते, म्हणून मी तो मार्ग स्वीकारला नाही.

शेवटचे काम बिलिंगचे होते. डब्ल्यूएचएमसीएस या होस्टिंगच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधील प्रत्येक उत्पादनात पॅकेजचे नाव लिहिलेले असते आणि ते सर्व्हरवरील नावाशी तंतोतंत जुळले नाही तर नव्या ग्राहकाचे खाते आपोआप तयार होत नाही. ती नावे बदलून एक चाचणी मागणी टाकून पाहिली. त्यानंतर यादीत एकही खाते जुन्या नावावर उरलेले नाही याची खात्री करून जुनी पॅकेजे काढून टाकली. शाळेचे पॅकेज प्रवेशाच्या हंगामापुरते मोठे ठेवले असून, तेथील छायाचित्रांच्या संग्रहाचे काय करायचे हे शाळेने ठरवल्यावर त्याचा आकडा पुन्हा पाहणार आहे.