वादळात किनारा जवळ नको

नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी वारा सुटला, तसं एका पोरानं वडिलांना विचारलं, "वादळ आलं तर जहाज पटकन काठाला लावायचं ना?" वडील म्हणाले, "हो, मग!"

ते "हो" मनातून जाईना.

शिडाच्या जहाजाला वादळात सगळ्यात मोठी भीती किनाऱ्याचीच. त्यातही वारा ज्या किनाऱ्याकडे ढकलतो, त्याची. चौकोनी शिडांचं जहाज वारा जिकडून येतो त्या दिशेच्या साधारण ६० अंशांहून जवळ जाऊच शकत नाही, म्हणून किनाऱ्यापासून दूर निघणं अवघड. शिवाय वाऱ्यानं ते किनाऱ्याकडे आडवं घसरत राहतं. वादळात शिडं उतरवावी लागतात, मग घसरण आणखी वाढते.

शेवटचा आधार नांगर. खोलीच्या पाच ते सात पट साखळी सोडायची, म्हणजे ओढ आडवी राहते आणि नांगराचा फाळ तळात रुततो. साखळी कमी पडली की लाटेसरशी तो उपटून निघतो. खडकाळ तळावर तर धरतच नाही. अशा वेळी डोलकाठ्या तोडतात, कारण उघड्या काठ्यांवरही वारा प्रचंड जोर लावतो.

२६ ऑक्टोबर १८५९ ला वेल्सच्या अँगलसी किनाऱ्यावर 'रॉयल चार्टर'नं हे सगळं केलं. तिला वाफेचं सहायक इंजिनही होतं. तरी साखळ्या तुटल्या, जहाज खडकांवर आपटून फुटलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, किनारा इतका जवळ असताना!

त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख फिट्झरॉय यांनी १८६१ पासून तारेनं बंदरांना वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. इशारा वेळेत मिळाला तर जहाज बंदरातच थांबतं. आधीच बाहेर असेल, तर खोल समुद्रच बरा.

त्या पोराला हे कोणी सांगेल का?